गप्पांचा हिशेब

आमच्या पेढीवर गप्पांना मज्जाव होता. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती. पण माझ्या वडिलांच्या काळापासून ती शिस्त सर्वांच्या अंगवळणी पडली होती. शेतकरी आला की त्याची विचारपूस करावी, पाणी आणि चहा द्यावा, पाऊसपाण्याचे दोन शब्द बोलावेत. तो व्यवहाराचाच भाग. परंतु नोकरांनी आपसात सिनेमा, क्रिकेट, राजकारण उगाळत बसणे वडिलांना खपत नसे. ‘विकथा’ हा शब्द त्यांनी प्रवचनात ऐकला होता आणि पेढीवर तो ते सर्रास वापरीत. पुढे पेढी माझ्याकडे आली, तेव्हा रोजमेळ आणि खतावणीबरोबर तो शब्दही वारशाने माझ्याकडे आला.

वास्तविक तो शब्द ज्याने त्याने स्वतःच्या जिभेला लावून पाहायचा असतो. मी मात्र तीसएक वर्षे तो दुसऱ्यांच्याच जिभांना लावीत आलो. हे माझ्या लक्षात आले ते सांगलीच्या मार्केट यार्डात नव्हे, तर ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराजवळच्या एका गोदामात, चहाच्या वेळी. ती हकीकत सांगण्यापूर्वी त्याआधीच्या महिन्यातील एक प्रसंग सांगणे भाग आहे. तो सांगताना आजही संकोच वाटतो. परंतु तो वगळून पुढचे सांगितले, तर हिशेब अपुरा राहील.

लता मंगेशकर यांचे निधन ६ फेब्रुवारी २०२२ रोजी, रविवारी झाले. त्यांचे बालपण सांगलीत गेलेले. त्यामुळे आमच्या गावाला त्या जगाच्या होण्याआधी आपल्या होत्या असे वाटत आले आहे. सोमवारी शासनाने सुटी जाहीर केली. मंगळवारी पेढी उघडली, तेव्हा हळदीचा हंगाम भरात येऊ लागला होता. नवी राजापुरी हळद यार्डात उतरत होती, आणि दोन दिवसांच्या सुटीमुळे शेतकऱ्यांच्या पट्ट्या करायच्या राहिल्या होत्या. त्यातच या महिन्याच्या अखेरीस मी मुलाकडे ऑस्ट्रेलियाला जाणार होतो. टाळेबंदीमुळे दोन वर्षे नातवाचे तोंड पाहिले नव्हते. ऐन हंगामात पेढी धाकट्या भावावर टाकून जायचे, म्हणून माझे चित्त थाऱ्यावर नव्हते.

आमचे दिवाणजी माझ्याहून पाच वर्षांनी मोठे. हरिपूरहून रोज सायकलने येत. एकतीस वर्षांत त्यांच्या वहीत मला खाडाखोड दिसली नाही. बोलणे बेताचे. त्या मंगळवारी मात्र ते सकाळपासून दीदींविषयीच बोलत होते. आधी हमालांशी, मग तोलाईदाराशी, मग चहा घेऊन आलेल्या पोराशी. ‘अठ्ठावीस दिवस होत्या हो रुग्णालयात. अठ्ठावीस दिवस!’ थोड्या वेळाने पुन्हा, ‘आठ जानेवारीला नेले. अठ्ठावीस दिवस म्हणजे काही थोडे नव्हेत. आत काय चालले असेल, बाहेरच्या माणसाला काय कळणार?’ आणि आणखी थोड्या वेळाने लेखणी खाली ठेवून माझ्याकडे पाहत ते म्हणाले, ‘शेठ, अठ्ठावीस दिवस…’

मी त्यांना पुढे बोलू दिले नाही. म्हणालो, ‘दिवाणजी, दीदी ब्याण्णव वर्षांच्या होत्या. सगळ्यांना जायचेच आहे. शेतकरी बाहेर खोळंबलाय, आधी पट्ट्या हातावेगळ्या करा. ही विकथा आता पुरे.’

त्यांनी मान खाली घातली आणि लेखणी उचलली. त्या दिवशी ते पुन्हा काही बोलले नाहीत. मलाही त्यात वावगे वाटले नाही. पेढी शिस्तीवर चालते, एवढेच मला ठाऊक होते.

फेब्रुवारीच्या अखेरीस मी मेलबर्नला पोहोचलो. ऑस्ट्रेलियाने पर्यटकांसाठी सीमा खुल्या करून जेमतेम आठवडा झाला होता. माझा थोरला मुलगा मेलबर्नच्या आग्नेयेला डँडेनाँग नावाच्या औद्योगिक वस्तीत, डाळी, तांदूळ आणि मसाले आयात करणाऱ्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे मालाचा हिशेब आणि वाहतूक पाहतो. सूनबाई नोकरीला, नातू शाळेत. दिवसभर घरात बसून मी कंटाळलो. तेव्हा गोदामाच्या देखरेख करणाऱ्या बाईंची परवानगी घेऊन मुलगा मला अधूनमधून आपल्याबरोबर नेऊ लागला. दारातच अंगावर भडक पिवळे जाकीट चढवायचे आणि आखून दिलेल्या पिवळ्या रेषेच्या आत चालायचे, एवढ्या अटी होत्या. पोत्यांचा वास ओळखीचा होता. बाकी सारे परके. आणि सर्वांत परकी होती तिथली इंग्रजी.

मी इंग्रजीत पदवी परीक्षा दिलेली. बँकेशी, प्राप्तिकर खात्याशी पत्रव्यवहार स्वतः करतो. तरी पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. त्या बाई हसऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या, ‘हाऊ आर यू गोइंग?’ मला वाटले, घरी परत कसा जाणार असे विचारताहेत. मी नम्रपणे उत्तर दिले, ‘बाय कार, विथ माय सन.’ त्या क्षणभर थबकल्या आणि म्हणाल्या, ‘गुड!’ संध्याकाळी मुलाने उलगडा केला की तो केवळ ‘कसे आहात?’ हा प्रश्न होता. तिथे ‘डे’ हा ‘डाय’सारखा आणि ‘मेट’ हा ‘माइट’सारखा ऐकू येतो. दुपारला ‘आर्वो’, पेट्रोल पंपाला ‘सर्वो’ आणि चहाच्या सुटीला ‘स्मोको’ म्हणतात. पूर्वी त्या सुटीत कामगार धूम्रपान करीत, म्हणून ते नाव पडले; आता बहुतेक जण चहा-कॉफी पितात, नाव मात्र तेच राहिले.

मला अधिक नवल वाटले ते माझ्या मुलाचे. घरी तो आईशी फोनवर ‘काय करालीस गं?’ असे अस्सल सांगलीचे बोलतो. गोदामाच्या दारातून आत शिरला की त्याचा आवाजच बदलतो. शब्दांची टोके गिळली जातात, वाक्याचा शेवट वर चढतो. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते नक्कल केल्यासारखे वाटले आणि मी त्याला तसे बोलूनही दाखवले. तो म्हणाला, ‘पप्पा, पहिल्या वर्षी मी आपल्या पद्धतीने बोलायचो. प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागायचं. दुसऱ्यांदा सांगताना समोरचा माझ्याकडे नाही, घड्याळाकडे बघायचा. मग जीभ आपोआप वळली.’

मला माझे आजोबा आठवले. ते मारवाडातून सांगलीला आले, तेव्हा त्यांना मराठी येत नव्हते. पुढे ते उत्तम मराठी बोलू लागले. पण ‘चांगला’मधला ‘च’ आणि ‘माझा’मधला ‘झ’ त्यांना अखेरपर्यंत साधला नाही. बाजारात त्यांची नक्कल होई. ते चिडत नसत. म्हणत, ‘उच्चाराला हसा, काट्याला हसू नका.’ आमच्या घरात मारवाडी, पेढीवर मराठी आणि विजापूरकडून आलेल्या हमालांशी मोडकी कानडी अशी तीन भाषांची सरमिसळ मी लहानपणापासून ऐकली आहे. तरीही हमाल मराठी बोलताना अडखळला की आम्ही गादीवरून हसत असू. परदेशात माझ्यावर ती पाळी आली, तेव्हा त्या हसण्याची किंमत कळली.

शनिवारी, ५ मार्चला सकाळी बातमी आली की शेन वॉर्न गेला. आदल्या संध्याकाळी थायलंडमधील को सामुई बेटावर तो मृतावस्थेत आढळला होता. हृदयविकाराचा झटका असावा, असे सांगण्यात येत होते. वय अवघे ५२. त्याच दिवशी सकाळी ऑस्ट्रेलियाचे जुने यष्टिरक्षक रॉड मार्श वयाच्या ७४व्या वर्षी वारले होते आणि त्यांना श्रद्धांजली वाहणारा संदेश वॉर्नने प्रसिद्ध केला होता. तो लिहिणारा हात काही तासांतच निश्चल झाला. वॉर्न मेलबर्नचाच. शहरात जणू घरातले कोणी गेले होते.

रविवारी मुलगा आणि नातू मला मेलबर्न क्रिकेट मैदानाबाहेरील त्याच्या पुतळ्यापाशी घेऊन गेले. फुलांचा ढीग पडला होता. फुलांबरोबर लोकांनी बिअरचे डबे, सिगारेटी आणि टोमॅटोच्या रसातील शिजवलेल्या घेवड्याचे डबेही ठेवले होते. नातवाने कारण विचारले. १९९८च्या भारत दौऱ्यात वॉर्नला आपले जेवण मानवेना, तेव्हा त्याच्यासाठी ऑस्ट्रेलियाहून तसले डबे पाठवण्यात आले होते. ज्याला जे आवडे ते लोकांनी त्याच्यापुढे ठेवले होते. आपल्या संस्कारात बसणाऱ्या त्या वस्तू नव्हेत. परंतु त्या ठेवणाऱ्यांचे डोळे ओले होते, हे मी पाहिले.

सोमवारी मी मुलाबरोबर गोदामात गेलो. दहा वाजता स्मोकोची घंटा झाली. लांबट टेबलाभोवती आठ-दहा माणसे बसली. पॅकिंगमधील एक व्हिएतनामी बाई, शिक्षण घेता घेता काम करणारा एक पंजाबी मुलगा, एक वयस्क अफगाण गृहस्थ, आणि फोर्कलिफ्ट चालवणारा, ग्रीक आईबापांच्या पोटी मेलबर्नमध्येच जन्मलेला एक धिप्पाड माणूस. हा सर्वांची थट्टा करी. माझ्या ‘बाय कार’चा किस्साही त्यानेच गोदामभर केला होता. मोटारीने आलात का, असे तो मला रोज विचारी.

विषय अर्थातच वॉर्न. १९९३ साली मँचेस्टरला त्याने गॅटिंगचा त्रिफळा उडवला तो चेंडू कसा वळला, हे एकाने संत्रे हातात घेऊन दाखवले. कसोटीत ७०८ बळी घेणाऱ्याला ऑस्ट्रेलियाने कसोटीचे कर्णधारपद कधी दिले नाही, यावर वाद झाला. अकरा एकदिवसीय सामन्यांत त्याने नेतृत्व केले आणि त्यांतले दहा जिंकले, हे कोणीतरी मोबाइलमध्ये पाहून सांगितले. मग मलाही राहवेना. २००८च्या पहिल्या आयपीएलमध्ये तो राजस्थानचा कर्णधार आणि प्रशिक्षकही होता. फारशा नावाजलेल्या नसलेल्या पोरांना घेऊन त्याने ती स्पर्धा जिंकली, असे मी सांगू लागलो. परंतु मी ‘वॉर्न’मधला ‘र’ ठसठशीत उच्चारतो आणि ते लोक तो गिळून टाकतात. त्यामुळे मी कोणाविषयी बोलतो आहे हे दोन मिनिटे कोणालाच कळेना. मुलगा दुभाषा झाला, तेव्हा सारे लक्ष देऊन ऐकू लागले. उशिरा येणाऱ्या तरुण जडेजाला वॉर्नने एकदा संघाच्या बसमधून उतरवून हॉटेलपर्यंत चालत पाठवले होते. आणि त्याच मुलावर विश्वासही टाकला होता. देखरेख करणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, हे आपल्या गोदामात सुरू केले, तर निम्मे लोक चालतच येतील.

हे सारे चालू असताना मी मनात मिनिटे मोजत होतो, हे कबूल करायला हवे. दहा माणसे, दहा मिनिटे, म्हणजे मालकाची शंभर मिनिटे. आणि बोलणे कशाचे, तर ज्याला यांतील कोणीही भेटले नव्हते अशा एका माणसाच्या मृत्यूचे! वडील असते तर काय म्हणाले असते, हे मला स्पष्ट ऐकू येत होते.

तो फोर्कलिफ्टवाला त्या दिवशी थट्टा करीत नव्हता. मधूनच म्हणे, ‘फिफ्टी-टू.’ संत्रे वळवून दाखवले, तेव्हाही तो म्हणाला, ‘फिफ्टी-टू, माइट.’ कर्णधारपदाचा वाद रंगला, तेव्हा पुन्हा तेच. मी त्याकडे लक्ष दिले नाही. वय काय, वर्तमानपत्रात आलेच होते.

घंटा झाली, सारे उठले. बाईंनी फोर्कलिफ्टची किल्ली दुसऱ्या मुलाकडे दिली आणि त्या माणसाला म्हणाल्या, आज जरा माझ्याबरोबर कागद तपासायला चल. काचेच्या खोलीत दोघे बसलेले मला दिसत होते. पाचएक मिनिटांनी त्या मोटारीची किल्ली घेऊन बाहेर आल्या आणि त्याला स्वतः रुग्णालयात घेऊन गेल्या.

संध्याकाळी मुलाने सांगितले. तो माणूसही बावन्न वर्षांचा होता. गेल्या गुरुवारपासून त्याच्या छातीत आवळल्यासारखे होत होते. काहीतरी उचलताना स्नायू धरला असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. घरी बायकोला सांगितले नव्हते. शनिवारी बातमी ऐकल्यापासून मात्र त्याला झोप लागली नव्हती. तपासणीत हृदयाची एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली निघाली. दुसऱ्या दिवशी त्यात स्टेंट घालण्यात आला.

आठवड्याभराने मी त्या बाईंना, माझ्या ‘र’कारासह, सावकाश विचारले, ‘तुम्हाला कसे कळले?’ त्यांनीही माझ्यासाठी सावकाश उत्तर दिले. त्या म्हणाल्या, वॉर्नचे वय त्याने आम्हाला चार वेळा सांगितले. जी गोष्ट सर्वांना ठाऊक आहे ती माणूस चार वेळा सांगतो, तेव्हा तो दुसरेच काही सांगत असतो. मग त्या म्हणाल्या की गोदामात दिवसभर माणसे कामाचे बोलतात आणि कामाचे बोलताना सारेच ठीक असते. स्मोकोची दहा मिनिटे ही त्यांच्या दृष्टीने सुटी नव्हे. त्यांच्या स्वतःच्या कामाचा तो सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. कोण गप्प बसला, कोण जास्त हसला, कोणी काय पुन्हा पुन्हा सांगितले, हे तिथेच कळते.

त्या रात्री मला झोप लागेना. ‘फिफ्टी-टू’ आठवत होते, आणि त्याच्याशी जुळणारे आणखी काहीतरी आठवायचे राहिले आहे असे वाटत होते. अंथरुणात उठून बसलो, तेव्हा ते आठवले. अठ्ठावीस दिवस.

२०२१च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत दिवाणजींची पत्नी वारली. मला हे ठाऊक नव्हते असे नाही. त्या काळात घरी जाणे शक्य नव्हते. मी फोनवर सांत्वन केले. रुग्णालयाचा सारा खर्च पेढीने उचलला. हवी तितकी रजा घ्या, पगार चालू राहील, असे कळवले. चौदाव्या दिवशी दिवाणजी कामावर हजर झाले. सारे म्हणाले, कामात मन रमेल. मीही तेच म्हणालो. माझे कर्तव्य मी केले होते; खतावणीत त्या खात्याची बाकी शून्य होती. त्यानंतरच्या दहा महिन्यांत मी त्यांच्याशी त्या बाईंविषयी एक शब्दही बोललो नव्हतो. आणि वहिनी रुग्णालयात किती दिवस होत्या, हे मला ठाऊक नव्हते.

आपण व्यापारी माणसे आकड्याला जपणारी. वहीत पाच रुपयांचा फरक आला, तर रात्री दोनपर्यंत जागून तो शोधतो. कोणी पुन्हा पुन्हा एकच रक्कम सांगू लागला, तर त्यामागे काहीतरी आहे, हे लगेच ओळखतो. तसाच एक आकडा एक माणूस एका सकाळी माझ्यापुढे तीन वेळा ठेवीत होता, आणि मी त्याला पट्ट्या पूर्ण करायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी मेलबर्नला दुपारचे साडेचार, म्हणजे सांगलीत सकाळचे अकरा वाजले असताना मी पेढीवर फोन लावला. भावाला म्हटले, फोन दिवाणजींकडे दे आणि त्यांना आतल्या खोलीत बसव. दिवाणजींना वाटले, काही हिशेब चुकला. मी विचारले, ‘दिवाणजी, वहिनी किती दिवस होत्या हो रुग्णालयात?’

बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटले, फोन कटला. मग ते म्हणाले, ‘अकरा दिवस, शेठ.’

मी काही बोललो नाही. एरवी बोललो असतो.

‘अकरा दिवस मी बाहेरच्या झाडाखाली बसत होतो. आत सोडत नव्हते. दहाव्या दिवशी नर्सबाईंनी तिच्या फोनवरून मला चित्र दाखवलं. तोंडावर तो मास्क. काय म्हणाली असेल, सांगा बरं? म्हणाली, मेथकुटाचा डबा फडताळात वरच्या खणात मागं आहे, तुम्हाला सापडायचा नाही. एवढंच. दीदींचं ऐकलं, तेव्हा मनात आलं, अठ्ठावीस दिवस त्यांच्या माणसांनी कसे काढले असतील? माझे अकराच निघाले नाहीत. आणि हिला दीदींची गाणी फार. पापड लाटताना सारखी गुणगुणायची. दीदी गेल्याचं तिला कोणी सांगितलं असतं तर… असं काहीतरी मनात यायचं हो, शेठ. वेड्यासारखं.’

ते चाळीस मिनिटे बोलले. एकतीस वर्षांत ते माझ्याशी एकूण जेवढे घरचे बोलले असतील, त्याहून ते अधिक होते. अखेरीस मी म्हणालो, ‘दिवाणजी, त्या दिवशी मी तुम्हाला तसे बोलायला नको होते.’

‘ते जाऊ द्या, शेठ. मी कधीच विसरलो,’ ते म्हणाले. आणि लगेच, ‘पट्ट्या त्या दिवशीच पूर्ण केल्या होत्या मी. पंधरा होत्या.’

विसरला माणूस पंधरा हा आकडा लक्षात ठेवीत नाही. मी फोन ठेवला तेव्हा नातू शाळेतून आलेला होता. त्याने मला विचारले, ‘आजोबा, तुम्ही रडताय का?’ मी म्हटले, ‘नाही रे, सर्दी.’ त्याने तिथल्या उच्चारात ‘नो वरीज’ म्हटले आणि पाण्याचा पेला आणून दिला.

३० मार्चला संध्याकाळी वॉर्नच्या स्मरणार्थ त्याच मैदानावर मोठी सभा झाली. पन्नास हजारांहून अधिक लोक जमले. आम्ही ती घरी दूरचित्रवाणीवर पाहिली. तोवर आमचा फोर्कलिफ्टवाला हलक्या कामावर परतला होता. दुसऱ्या दिवशी स्मोकोला त्याने मला पुन्हा विचारले, मोटारीने आलात का? सारे हसले, आणि त्या हसण्यात सर्वांत मोठा आवाज बाईंचा होता.

मे महिन्यात मी परत आलो. आता पेढीवर सकाळी साडेदहाला चहा होतो, तेव्हा दहा मिनिटे लेखणी आणि काटा दोन्ही थांबतात. मीही गादीवरून उतरून बाकावर बसतो. सुरुवातीला माझ्यासमोर कोणी तोंड उघडेना. मालक बाकावर बसला, म्हणजे काहीतरी घडले आहे, असे हमालांना वाटले. हळूहळू बोलू लागले. त्यातले बरेचसे बोलणे निव्वळ वेळ घालवणे असते, हेही खरे. कोणाच्या पाठीमागे बोलणे निघाले, तर मी आजही विषय बदलतो. तेवढी वडिलांची शिस्त मला मान्य आहे. कधी कधी मी अजूनही मनात मिनिटे मोजतो. जुनी सवय एका प्रवासाने जात नाही.

३१ मेच्या रात्री गायक के. के. कोलकात्यात कार्यक्रम आटोपून हॉटेलवर परतले आणि गेले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आमच्याकडील संगणकावर काम करणारा तेवीस वर्षांचा मुलगा त्यांच्याविषयी बोलत होता. ‘त्रेपन्न वय होतं. त्रेपन्न म्हणजे काहीच नाही.’ थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, ‘त्रेपन्न फक्त.’ मी कप खाली ठेवला. पण माझ्याआधी दिवाणजी उठले, त्याच्याशेजारी जाऊन बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, ‘बाळ, घरी सगळे बरे आहेत ना? वडिलांची तब्येत?’

मुलगा गोंधळला. ‘हो दिवाणजी, सगळे बरे आहेत. मला त्यांची गाणी आवडायची, एवढंच.’

‘एवढंच ना? मग चांगलं आहे,’ दिवाणजी म्हणाले. ‘एखादं लाव बघू.’

त्याने मोबाइलवर गाणे लावले. मला ते ठाऊक नव्हते, दिवाणजींनाही नसावे. दहाऐवजी चौदा मिनिटे झाली. मग काटा सुरू झाला.